पाठमोऱ्या खुर्च्या

टॅक्सीवाले काका टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले. त्यांचे दोन्ही हात छातीसमोर, एकमेकांपासून वीतभर लांब, तसेच राहिले, लोकर गुंडाळताना कुणाला तरी लड धरायला लावावी तसे. मी त्यांच्याकडे बघून हसले, कारण त्या वेळी मी सगळ्यांकडेच बघून हसत होते. इंग्रजी बोलायला शिकवणारा आमचा वर्ग झकास रंगला होता. नर्सिंग होममधल्या आयामावशी चक्क जाग्या होत्या, पंखा कुरकुर न करता फिरत होता, आणि माझ्या आईनं, जिला वर्गात आल्यापासून ताप आणि खोकला यांच्यापलीकडे तिसरा आजारच सुचत नव्हता, तिनं आज एक अख्खी गोष्ट इंग्रजीत सांगितली होती. ती मीच तिच्याकडून काढून घेतली होती, हलणारी दाढ काढावी तशी, आणि वर खुर्चीच्या पाठीवर शाबासकीच्या दोन थापा मारल्या होत्या. काकांचे हात मग हळूच खाली आले आणि मांडीवर जाऊन बसले. आयामावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, बसडेपोची भिंत आहे. झालं ते एवढंच. पण माझं हसू तोंडावर जरा जास्तच वेळ राहिलं आणि मग ते काढून कुठं ठेवावं हे मला कळेना.

फोनचा सराव आमच्याकडे असा होतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, एकीत फोन करणारा, दुसरीत घेणारा, आणि काही झालं तरी मागं वळायचं नाही. बाई म्हणतात, समोर माणूस असला की आपण निम्मं बोलणं हातांनी आणि भुवयांनी उरकतो आणि आपल्याला इंग्रजी आलं असं समजून घरी जातो. फोनवर नुसता आवाज उरतो, तिथं पितळ उघडं पडतं. नव्या लोकांबरोबर मीच बसते, कारण मी आता बाईंची मदतनीस आहे. त्या संध्याकाळी मी दवाखान्यात फोन घेणारी होते आणि आई पेशंट. तिचा अंबाडा माझ्या डोक्याला मागून टेकत होता. तिनं श्वास घेतला की तो किंचित वर जायचा आणि सोडला की खाली यायचा, आणि मला गंमत वाटत होती, की हिला मी इतकी वर्षं समोरून ओळखते, पण मागून ही अशी लागते हे मला ठाऊकच नव्हतं.

"व्हॉट इज द प्रॉब्लेम?" मी विचारलं.

"आय डोंट स्लीप," आई म्हणाली.

ताप नाही, खोकला नाही. मी सरसावून बसले. बाईंची एक युक्ती आहे. माणूस काहीही बोलला, की त्याला आणखी एकदा 'का' विचारायचं. पहिल्या वाक्यात लोक पाठ केलेलं बोलतात, दुसऱ्यात स्वतःचं.

"व्हाय?"

अंबाडा वर गेला आणि तिथंच राहिला.

"माय हजबंड हॅज अनदर हाऊस."

"लाउडली," मी म्हणाले. "अगेन. टिल द एन्ड."

"माय हजबंड हॅज अनदर हाऊस. आय डोंट स्लीप."

"व्हेरी गुड. एक्सलंट. द डॉक्टर विल सी यू ऑन थर्सडे."

"थँक यू, मिस," आई म्हणाली.

'मिस' ती मला चेष्टेनं म्हणते. वर्गात यायला लागल्यापासून घरीसुद्धा तेच चाललंय, मिस, भांडी पडलीत, मिस, दूध उतू गेलं, कुठं लक्ष असतं मिस तुमचं. त्या दिवशीचा 'मिस' मात्र तिनं सरळ म्हटला, दवाखान्यात फोन केलेल्या बाईनं म्हणावा तसा, आणि मला वाटलं, वा, भूमिकेत किती शिरली बघा.

आता मला असं का वाटलं, हे समजायला आमच्या वर्गाचा कायदा माहीत हवा. बाई पहिल्याच दिवशी फळ्यावर काही न लिहिता तोंडी सांगतात, "इथं खरं नको, पुरं हवं." म्हणजे वाक्य खोटं असलं तरी चालेल, पण सुरू केलं की ते पूर्णविरामापर्यंत न्यायचं. माणसाला परक्या भाषेत खरं बोलायला लावलं की तो आधी स्वतःच्या अब्रूचा विचार करतो आणि गप्प बसतो, खोटं बोलायची मुभा दिली की सुटतो. आणि खरंच सगळे सुटतात. टॅक्सीवाले काका बिनलग्नाचे, पण वर्गात त्यांना तीन मुली आहेत आणि तिघीही त्यांचं ऐकत नाहीत. आयामावशी आठवड्यातून एकदा विमान चालवतात. मी ज्या वर्षी या वर्गात आले त्या वर्षी माझी शाळा बदलली होती, सगळे विषय एकदम इंग्रजीत, आणि मी तोंड उघडणं बंद केलं होतं. म्हणजे अगदी बंद. शाळेत मला 'म्यूट' म्हणायचे. हजेरीला मी हात वर करायचे. बाथरूमला जायचं असलं तरी विचारायचं कसं म्हणून घरी येईपर्यंत दम धरायचे. आईनं मला हाताला धरून वाचनालयाच्या मागच्या या खोलीत आणलं आणि बाईंना म्हणाली, "ही बोलत नाही." बाईंनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या, "खुर्च्या लावता येतात का तिला?" मग मी कितीतरी आठवडे नुसत्या खुर्च्या लावल्या. कुणी मला काही विचारलं नाही. आणि एका संध्याकाळी, खुर्ची हातात असताना, कुणी न विचारता माझ्या तोंडातून निघालं, "आय हॅव अ हॉर्स."

खोली गप्प झाली नाही, हेच बाईंचं मोठेपण. त्या फळा पुसता पुसता म्हणाल्या, "व्हॉट कलर?" मी म्हटलं, "ब्राऊन." काकांनी विचारलं तो काय खातो, मावशींनी विचारलं तो झोपतो कुठं, आणि महिनाभर सगळा वर्ग माझ्या घोड्याला दाणापाणी घालत होता. तो आजारी पडला, बरा झाला, एकदा हरवला आणि बाजारात सापडला. त्या घोड्यावर बसून मी शाळेत पोचले म्हणा ना. नंतर मला कुणी म्यूट म्हटलं नाही, उलट आता शिक्षक म्हणतात, जरा दुसऱ्यालाही बोलू दे. मी वक्तृत्वात उभी राहिले, वर्गाची प्रतिनिधी झाले, बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलायला लागले. तोंड उघडलं की सगळं आपोआप नीट होतं, अशी माझी पक्की खात्री होऊन बसली होती. तेव्हा आईनं एका संध्याकाळी, ती कामाला जाते त्या दुकानातून शिवायला आणलेल्या पँट्स खाली ठेवता ठेवता, "मलाही बसायचंय वर्गाला," असं म्हटलं तेव्हा मी नाचलेच. कशासाठी, हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा 'का' विचारणारी मी, पहिल्यांदाही विचारलं नाही. आणि ती त्या खोलीत ताप आणि खोकला घेऊन बसली तेव्हा मी वाट बघत होते, हिचा घोडा कधी येतो. तो त्या दिवशी आला असं मला वाटलं. दुसरं घर असलेला नवरा. काय झकास थाप, मी मनात म्हटलं.

वर्ग सुटल्यावर मी खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होते. काका जाताना रोज विचारतात, घोडा काय म्हणतो. त्या दिवशी ते माझ्याजवळ आले, टोपी हातात फिरवली, "जा, आई खाली थांबलीय," एवढंच म्हणाले आणि गेले. ती खाली डेपोच्या भिंतीशी उभी होती. आत बसगाड्या धूत होते. लांब दांड्याच्या ब्रशांचा पत्र्यावर घासल्याचा आवाज, मग पाइपचं पाणी, मग पुन्हा ब्रश. भिंतीखालच्या फटीतून साबणाचं पाणी फुटपाथवर येत होतं आणि आई पाय उचलून त्याच्या कडेकडेनं उभी होती. मी गेल्या गेल्या सुरू झाले, तू काय बोललीस आज, बाई खूश, नुसता आवाज जरा मोठा कर, बाकी एक नंबर. ती "हो का" म्हणाली. आम्ही चालायला लागलो. रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला, ती नेहमी धरते, मी कितीही मोठी झाले तरी, आणि नेमकं रस्त्याच्या मध्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात आपलं आपण आमच्या भाषेत फिरलं. माझ्या नवऱ्याचं दुसरं घर आहे. मला झोप येत नाही. आमच्या भाषेत ते थापेसारखं वाटलं नाही. आमच्या भाषेत त्या वाक्याला बाबांचा चेहरा होता.

बाबा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहेत. इमारत उभी राहते तिथं जाऊन राहावं लागतं, आधी महिना दोन महिने असायचं, मग तिकडे मोठं काम निघालं, मग त्याच्या शेजारी दुसरं. मी लहानपणी सगळ्यांना सांगायचे, माझे बाबा माणसांना वर नेतात. रविवारी त्यांचा फोन येतो. आवाज घुमतो, म्हणून मी आणि ते एक विनोद करायचो, बाबा लिफ्टच्या खड्ड्यातून बोलतायत, हो ग, चढतोय, पोचलो की सांगतो. आता रस्ता ओलांडून झाल्यावर, दिव्यांच्या उजेडात आईच्या बाजूनं चालताना, मला वाटलं की रविवारी लिफ्टचं काम बंद असतं. माणूस कशाला खड्ड्यात जाईल. जिन्यातसुद्धा आवाज घुमतो. घरातून बाहेर पडून, दार ओढून घेऊन, जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहिलं तर अगदी तसाच. आणि मग एकापाठोपाठ एक अशा गोष्टी यायला लागल्या ज्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, पण ज्यांच्याकडे मी बघितलं नव्हतं. गेल्या खेपेला ते आले तेव्हा त्यांनी स्वतःचा टॉवेल आणला होता. दाढीचं सामान चेन लावलेल्या बटव्यातच ठेवायचे, वापरलं की पुन्हा आत, पुन्हा चेन. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "साखर कुठं असते ग?" आणि आईनं बोटानं दाखवली. तो डबा मी जन्मल्यापासून त्याच जागी आहे. मला तेव्हा हसू आलं होतं, बाबा किती विसरभोळे. आईला आलं नव्हतं. ती पाठमोरी होती, तिनं नुसतं बोट केलं.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला आणि नेहमीसारखी शिवणाला बसली. आई कपडे लहानमोठे करून देणाऱ्या दुकानात काम करते, उरलेलं घरी आणते. पँटीच्या खालच्या कडा दुमडायच्या असल्या की तिच्या ओठांत टाचण्या असतात, एका रांगेत, डोकी बाहेर. लहानपणापासून मी तिला प्रश्न विचारले की ती मान हलवून उत्तर देते, कारण तोंड मोकळं नसतं. मी समोर पुस्तक उघडून बसले होते. माझ्या कानात माझाच आवाज वाजत होता, लाउडली, अगेन, टिल द एन्ड. तो चांगला आवाज होता, तेच वाईट होतं. खणखणीत, बाईंच्या वळणाचा, कुठंही न अडखळणारा. माझ्या आईनं किती दिवस, किती महिने कोण जाणे, पोटात धरून ठेवलेली गोष्ट, माझ्याकडे पाठ करून, परक्या शब्दांत, कशीबशी बाहेर काढली, आणि मी तिला ती पुन्हा म्हणायला लावली. मोठ्यानं. लोकांसमोर. आणि गुरुवारची वेळ दिली. ती म्हणाली थँक यू. मला वाटलं आता उठावं आणि तिच्या मांडीवरची ती कुणाचीतरी पँट काढून फेकून द्यावी आणि काहीतरी बोलावं. पण ज्या तोंडानं मी बसमध्ये अनोळखी माणसांना हवापाणी विचारते, ते तोंड एखाद्या सरकारी खिडकीसारखं बंद होतं.

पुढचे दिवस मी बोलत होते, पण सगळं बाजूबाजूनं. शाळेत वर्गाला गप्प करायचं काम माझ्याकडे असतं, ते मी उत्तम करत होते, कारण मीच गप्प होते. मैत्रीण म्हणाली, "तुझी बॅटरी उतरलीय का?" मी म्हटलं, चार्जिंगला लावलीय. मला सारखं एकच हवं होतं. आईला कळायला हवं होतं, की मला कळलंय. तेवढंच. मी ते 'व्हेरी गुड' तोंडातून परत घ्यायला हवं होतं, नाहीतर ती आयुष्यभर असंच समजणार, की मी माझ्या लेकीला सांगितलं आणि लेकीनं मला मार्क दिले.

शेवटी मी बाईंकडे गेले, वर्गाच्या आधी. त्या पाण्याच्या बादलीत फळ्याचं फडकं बुचकळत होत्या. गालात पेपरमिंटची गोळी होती, ती त्या घसा बसतो म्हणून सतत चघळतात.

"बाई, वर्गात कुणी खरंच बोललं तर?"

"बोलू दे की. मला कसं कळणार?"

"मला कळलं तर?"

त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "मग तू काय केलंस?"

"व्हेरी गुड म्हटलं."

बाईंनी फडकं पिळलं. पांढरं पाणी बराच वेळ पडत राहिलं. "मीपण तेच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "वाक्य चांगलं होतं. मागच्या बाकावर मी होतेच."

"म्हणजे तुम्हालाही कळलं."

"बाळ, लोक या खोलीत येऊन घरं विकतात, बायकांना सोडतात, भावांना पुरतात. त्यातलं कुणाचं खरं, हे मी विचारत नाही. एकदा विचारलं की उद्यापासून फक्त ताप आणि खोकला."

"पण ती माझी आई आहे."

"इथं नाही. इथं ती विद्यार्थिनी आहे आणि तू मदतनीस."

"आणि घरी?"

"घरचं मला विचारू नकोस ग," बाई म्हणाल्या. "माझ्या घरचं मला जमलं असतं, तर रोज संध्याकाळी मी इथं फळा पुसत बसले असते का?" त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. मग त्यांनी ओलं फडकं फळ्यावरून एकदा आडवं फिरवलं आणि मागं न वळता म्हणाल्या, "तू गेल्या वर्षी बोलायला शिकलीस. ते लवकर येतं."

लवकर येतं म्हणजे दुसरं काहीतरी उशिरा येतं, असं त्यांना म्हणायचं असणार, पण त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी अर्धवट सोडलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, की घरी गेल्यावर विचारायचंच. आई जमिनीवर बसली होती, मांडीवर काळी पँट, ओठांत टाचण्या. मी तिच्यासमोर बसले. अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आणि आमच्या भाषेत, साधं, मोठ्यानं नाही, म्हटलं, "आई, बाबांचं दुसरं घर कुठं आहे?"

ती थांबली. मग एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या गादीत खोचायला लागली. मला वाटलं, आता तोंड मोकळं होतंय, आता ती सांगेल. शेवटची टाचणी खोचून झाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"कधी?"

"वर्गात. फोनवर."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दुःखानंही नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक, हे माझं मापच नाही, असं म्हणायला लागलं की ती बघते, तसं. "वर्गात कुठं खरं बोलतात?" ती म्हणाली. "तूच समजावलंस ना मला. खरं नको, पुरं हवं. तुझा कुठं घोडा आहे?"

"आई."

"मला म्हणालीस ना, रोज ताप ताप काय लावलंयस, काहीतरी नवीन सांग. म्हणून सांगितलं. तुझी बाई खूश झाली, तू खूश झालीस. आता ते घरी कशाला आणतेस?" आणि तिनं टाचण्या परत एकेक करून काढल्या आणि ओठांत धरल्या. इतक्या सावकाश, की प्रत्येक टाचणी ठेवताना मला वाटत होतं, अजून वेळ आहे, अजून फट आहे. मग फट राहिली नाही. मी उठून पाणी प्यायले. साखरेचा डबा त्याच्या जागी होता.

मी तिच्यावर चिडले, हेही सांगायला हवं. दोन दिवस मी तिच्याशी 'हं' आणि 'उं' यांत बोलले. पण पुढच्या वर्गाला जे झालं त्यानं तो रागही टिकला नाही. बाईंनी फोनचा सराव पुन्हा लावला, आणि आईला माझ्याऐवजी काकांच्या पाठीला बसवलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. आईची पाठ खुर्चीपासून चार बोटं सुटी होती, कशालाही न टेकलेली. काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, व्हॉट इज द प्रॉब्लेम, मॅडम. आई म्हणाली, "आय हॅव फीवर." काकांनी 'का' विचारलं नाही. नियमाप्रमाणे त्यांनी विचारायला हवं होतं, मी त्यांना तसं शिकवलंय, आणि मीही त्यांना टोकलं नाही. "टेक रेस्ट," ते म्हणाले. "यस," आई म्हणाली. संपलं. इतक्या आठवड्यांनी जे एक दार तिनं स्वतः ढकललं होतं, ते तिनं आतून लावून घेतलं, आणि मदतनीस म्हणून मी जिथं उभी होते तिथून मला ते लागताना स्पष्ट दिसलं. एखादं माणूस शिकतं कसं हे मला माहीत होतं, माझ्यावरूनच. शिकलेलं माणूस परत मिटतं कसं, हे मी तेव्हा बघितलं. त्याला काही आवाज होत नाही. बाकीचे हसत होते, आयामावशींचं विमान ढगात अडकलं होतं.

परतीच्या वाटेवर तिनं माझा दंड धरला नाही. मीच तिचा धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण आवळलाही नाही, नुसता असू दिला. मला वाटलं, आता असंच चालणार. रविवारी फोन येणार, मी काहीतरी बडबड करणार, आई मागं भांड्यांचा आवाज करणार, महिन्या दोन महिन्यांनी बाबा टॉवेल घेऊन येणार. तिघंही आपापलं वाक्य पुरं करणार. आणि आई रात्रभर जागी पडून राहणार, जिचं जागेपण फक्त दवाखान्यातल्या एका बाईला माहीत आहे, जी बाई मुळात नाहीच.

रविवारी दुपारी फोन वाजला. आई शर्टाच्या बाह्या उसवत होती. मी फोन घेतला.

"काय मॅडम," बाबा म्हणाले. आवाज घुमत होता. "काय म्हणतोय तुमचा वर्ग?"

"ठीक."

"ठीक? एवढंच? तुला बरं नाही का? तुला तर थांबवावं लागतं." ते हसले. बाबांचं हसणं मला फार आवडतं, तेव्हाही आवडलं, त्याचाच त्रास झाला. "आणि मातोश्री? शिकतायत का काही, का नुसत्या पेंगतात तिथं?"

"पेंगत नाही," मी म्हणाले. "आई आता पूर्ण वाक्यं बोलते."

"अरे वा. काय बोलते?"

आईची कात्री थांबली.  बोलायचं मी ठरवलं नव्हतं असं नाही, तोंडापर्यंत आलं होतं, खणखणीत, कुठं न अडखळता. पण ते वाक्य माझं नव्हतं. एकदा मी ते तिच्याकडून वदवून घेतलं होतं, आता तिच्यासाठी म्हणूनही टाकलं तर मग तिच्याकडे काय राहील.

"ऐकव की," बाबा म्हणाले. "दे तिला. बघू तरी बायकोचं इंग्रजी."

मी फोन आईसमोर धरला. ती त्याच्याकडे बघत राहिली. माझा हात अवघडला तरी मी तो मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही. मग तिनं मांडीवरचा शर्ट घडी करून बाजूला ठेवला, धाग्यांचे तुकडे चिमटीनं उचलून एका जागी केले, फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला न लावता आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवून दिला. बंद केला नाही. आणि माझ्याकडे बघून, आमच्या भाषेत, बोलायला लागली.

"ऐक. तुला म्हणून सांगते. मला आधी वाटलं, कामाचंच आहे. खोली घेतली म्हणाले, सगळे मिळून. मग तो मोठा ताप आला होता ना तुला, तेव्हा मी भलत्या वेळी फोन केला. तर तिनं उचलला. मी म्हटलं, कोण. ती म्हणाली... चांगली बोलली ग. थांबा हं, देते, म्हणाली. असं, आपल्या घरातला फोन असल्यासारखं. मग मी..."

ती अडली. मी 'का' विचारलं नाही, 'मग' म्हटलं नाही. तिची सगळी वाक्यं अर्धी होती, एकाचं टोक दुसऱ्यात गुंतलेलं, आणि मी त्यातलं एकही पुरं करून दिलं नाही.

"तुला सांगणार होते. शाळा बदलली, तू बोलेनाशी झालीस, म्हटलं आता नको. मग बोलायला लागलीस. इतकी बोलायला लागलीस, की म्हटलं, आता कशाला. आता पुढं मला चांगलं काम बघावं लागणार, तिथं फोन घ्यावे लागतात, म्हणून तो वर्ग. नाहीतर मला कशाला ग या वयात."

"हॅलो?" जमिनीवरून बाबा म्हणाले.

आईनं तिकडे बघितलं नाही. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला, आणि ती आणखी काहीतरी सांगायला लागली, त्या बाईच्या घरी एक लहान सायकल आहे असं काहीतरी, पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पुढं वाकले.

"हॅलो? अग, ऐकू येतंय का? हॅलो?"

आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं.